काटा

हलव्यावर पाक थेंबाथेंबानं सोडतात.
शेगडी मंद, बोटं परातीत फिरती,
आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी
खसखशीच्या दाण्याला काटा फुटतो.
नलूमावशीच्या बोटांची टोकं
जानेवारीभर गुळगुळीत असायची,
ठसे पुसले गेलेली.

हे मी मर्डोला सांगितलं
डंडीच्या प्रयोगशाळेत, दुपारी साडेतीनला.
बाहेर टे नदीवर अंधार पडत होता
आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी
हिरवी उजळली होती :
अंगभर साखर, साखरेला फांद्या,
फांद्यांच्या टोकांना आम्ल.
"नटलीय," मी म्हणाले.
"कुठं निघालीय?" त्यानं विचारलं.

कुठं निघणार. सगळीकडे.
तशी प्रत्येकच पेशी साखर पांघरून वावरते,
रक्तगट म्हणजे तरी काय,
टोकाला कुठली साखर लागली, एवढंच.
पण बिघडलेली जरा जास्त नटते,
पहिल्या संक्रांतीच्या सुनेसारखी.
हलव्याचे बाजूबंद, हलव्याची बिंदी,
आणि रक्तातले पहारेकरी
धरायचं सोडून बाजूला सरकतात :
जा बाई, आपल्यातलीच दिसतेस.

मर्डो सोळाव्या वर्षी मार्मलेडच्या कारखान्यात लागला होता.
"साखरेनं माझे दात नेले," म्हणायचा,
"आता पगार देते. फिटंफाट."

चाचणी बसवताना आम्ही सगळ्यांनी आपलंच रक्त दिलं.
एक साखर शोधायची होती,
काही गाठी रक्तात शिंपडत जातात ती.
निरोगी माणसातही चिमूटभर असते.
माझ्यात निघाली. आयोनात निघाली.
मर्डोत काहीच नाही.
विसातल्या एखाद्याला
ती साखर जोडणारा कारागीर
वारशातच मिळत नाही.
"हा आपला निगेटिव्ह कंट्रोल!" सगळे हसलो.
त्याच्या नळीवर मी निळ्या पेनानं म काढला.
तेवढं एक मराठी अक्षर त्याला वाचता यायचं.

नऊ वर्षांनी त्याच्या पट्ट्याला
तीन नवी भोकं पडली.
पाठीत दुखायचं. चहा अर्धा राहायचा.
इस्पितळातून रक्ताचा आकडा आला :
काटा हललाच नव्हता.
त्या दिवशी त्यानं केक आणला,
वर बदाम, गोल गोल रांगांत.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
मी सुरी घेतली, पहिला तुकडा कापला,
आणि मला उणे ऐंशीच्या फ्रीजरमधली
ती नळी दिसली.
बर्फाखाली म.

सुरी खाली ठेवली.
"मर्डो,
तुझं शून्य म्हणजे 'नाही' नव्हे.
तुझं शून्य मुकं आहे."

तो केककडे बघत होता.
"ठाऊक आहे," म्हणाला.
"मीच नाही का त्या नळ्या लावायचो.
सोमवारी स्कॅन आहे, मीच मागून घेतला.
शनिवार-रविवार तेवढा
विसरायचा होता."

मग त्यानंच केक वाटला.
आयोनाला बदाम जास्त.

यंदा मी हलवा करून पाहिला
पर्थ रोडवरच्या खोलीत, विजेच्या शेगडीवर,
मावशीला फोन लावून, तो कानाशी धरून.
ती म्हणाली, धीर धर.
चार रात्री धरला.
बोटं भाजली, काटा आला नाही.
पांढरे, गुळगुळीत, मुके दाणे.

तरी डबी भरून त्याच्याकडे नेली.
खिडकीशी बसला होता, अंगावर दोन स्वेटर,
खाली पुलावरून गाडी चाललेली.
त्यानं एक दाणा चिमटीत धरला,
उजेडासमोर फिरवला,
जुन्या सवयीनं एक डोळा मिटून.

"निगेटिव्ह," म्हणाला,
आणि तोंडात टाकला.